रविवार आणि कादंबरी



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी समोर बसून ऐकावे, अशी आजवरची वहिवाट आहे. चालकांनी ती यंदा मोडली, याबद्दल आम्ही त्यांचे आभार मानतो. आमचे शाळेतील शिक्षण थोडे. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, दाव्यांचे कागद उलगडताना आणि गेटसभांच्या आगेमागे. तेव्हा कादंबरी या वाङ्मयप्रकाराचे शास्त्रीय विवेचन आपण आमच्याकडून अपेक्षिणार नाही. वाडीतल्या आम्ही आठ-दहा मित्रांनी थोर म्हणविल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांची एक यादी केली आणि ती मिळून वाचायला घेतली. त्यातून आम्हांला काय दिसले, एवढेच आज सांगायचे आहे.

नागपूर सोडून अमरावतीच्या रस्त्याला लागले की वाडी लागते. दोन्ही अंगांना ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्या, गोदामे, उभ्या ट्रकांच्या रांगा, पंक्चरची दुकाने आणि चहाच्या टपऱ्या. जवळच १९६६ साली सुरू झालेली अंबाझरीची आयुध निर्माणी. इथे हमाल आहे, ड्रायव्हर आहे, क्लीनर आहे, गोदामात पेट्या रचणारा पोरगा आहे. थोर कादंबरीची आणि या वस्तीची गाठ पडावी असे वरवर पाहता काहीच कारण नाही. पण ती पडली.

यादी कशी केली ते आधी सांगतो. प्रत्येकाने ऐकून माहीत असलेली, पण न वाचलेली तीन-तीन नावे सांगितली आणि मग एकेका नावावर हात वर करून मते घेतली. अट एकच : ज्याने हात वर केला त्याने ते पुस्तक वाचले पाहिजे. संपाच्या ठरावाला हात वर करून दुसऱ्या दिवशी कामावर जाता येत नाही, तसेच हे. अशी दहा नावे राहिली. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो', मामा वरेरकरांची 'धावता धोटा', उद्धव शेळक्यांची 'धग', अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा', मनोहर तल्हारांची 'माणूस', प्रेमचंदांची 'गोदान'. आणि परदेशातल्या चार : गॉर्कीची 'आई', डिकन्सची 'हार्ड टाइम्स', झोलाची 'जर्मिनल' आणि टॉल्स्टॉयची 'युद्ध आणि शांती'. पुस्तके वाचनालयातून आणली, काही वर्गणी काढून घेतली. प्रत एक आणि माणसे दहा, म्हणून पुष्कळसे वाचन मोठ्याने झाले. रविवारी सकाळी युनियनच्या खोलीत एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे.

हे काही नवे नव्हे. आपल्या आयाबायांनी चातुर्मासात 'पांडवप्रताप' आणि 'हरिविजय' असेच ऐकले आहेत. वाचणारा एक, ऐकणारे पन्नास, आणि ऐकणाऱ्याला अक्षर येते की नाही हे कोणी विचारीत नसे. कामगारांतही ही रीत जुनी आहे. क्यूबा बेटावर हवाना शहरात १८६५ साली विड्या वळणाऱ्यांनी, म्हणजे सिगार करणाऱ्यांनी, कामाच्या जागी आपल्यातलाच एक वाचक बसवला. हात तंबाखूच्या पानांत आणि कान कादंबरीत. वाचकाचा पगार मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढीत आणि कोणते पुस्तक घ्यायचे तेही बहुधा मतानेच ठरवीत. पुढच्याच वर्षी सरकारने त्यावर बंदी घातली. विडी वळणाऱ्यांनी गोष्ट ऐकली तर राज्याचे काय बिघडते, असे आपल्याला वाटेल. पण बंदी घालणाऱ्यांना ते नीट कळले होते. पुढे ते वाचन पुन्हा सुरू झाले आणि टिकले.

इतक्या दूर कशाला जा? आपल्या कामठीत बाबू हरदास यांनी विडी कामगारांची संघटना बांधली, आणि त्याच माणसाने रात्रीच्या शाळा चालवल्या व संत चोखामेळ्याच्या नावाने वाचनालय काढले. १९३९ साली पस्तिसाव्या वर्षी ते गेले. संघटना एका हाताने आणि पुस्तक दुसऱ्या हाताने, असा भेद त्यांच्या कामात दिसत नाही.

आता कादंबऱ्यांकडे येतो. पहिली घेतली 'पण लक्षात कोण घेतो'. ती १८९० साली 'करमणूक' साप्ताहिकातून येऊ लागली. तो सन ऐकताच आमच्यातील एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "अहो, हे तर लोखंड्यांच्या रविवारचे साल!" खरेच होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुटीची चळवळ चालवली होती. १८९० च्या एप्रिलातल्या मोठ्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, आणि जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुण्यात यमूची कहाणी छापली जाऊ लागली आणि मुंबईत कामगाराला रविवार मिळाला, ते वर्ष एकच. पण यमूची कहाणी त्या रविवारी त्या कामगाराच्या हाती पडली नाही. त्याला अक्षर नव्हते, आणि लिहिणाऱ्याच्या मनातही तो वाचक म्हणून नव्हता.

सव्वाशेहून अधिक वर्षांनी वाडीत ती कादंबरी वाचली गेली तेव्हा आम्हांला धास्ती होती, की सदाशिव पेठी घरातल्या बालविधवेचे दुःख हमालाच्या घरी कोण ऐकणार? म्हणून काही जणांच्या घरची मंडळीही बोलावली. यमूचे केशवपन होते तो भाग आला आणि खोलीत कोणी हालेना. नंतर एक वहिनी बोलल्या. त्यांचे म्हणणे असे, की नवऱ्याने तिला लिहायला-वाचायला शिकवले म्हणून तिची गोष्ट तिच्या तोंडून आपल्यापर्यंत आली. आमच्या आजीचे जे झाले ते आजीबरोबरच गेले. प्राध्यापकांनी या कादंबरीवर पुष्कळ लिहिले असेल. आम्हांला मात्र त्या दिवशी वहिनींच्या त्या वाक्याने ती उलगडली.

'धग' १९६० सालची, आणि ती आपली. उद्धव शेळके हिंगणघाटचे. कौतिक ही शिंप्याच्या घरची बाई; नवरा महादेव कर्तृत्वाने उणा, पुढे त्याला महारोग जडतो; आणि ही बाई मजुरी करून संसार ओढते, पोराने शिकावे म्हणून झटते. संवाद सगळे वऱ्हाडी बोलीतले. वाचायला बसलो तेव्हा पहिली काही पाने सर्वजण हसत होते. आपल्या घरातली बोली पुस्तकात छापलेली पाहिली की प्रथम हसूच येते; बोली म्हणजे नाटकातल्या गड्याने हसवण्यासाठी बोलायची, अशी आपली समजूत करून दिलेली असते. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापासून हसणे थांबले. कौतिक त्याच बोलीत भांडते, हिशेब करते आणि रडते. वऱ्हाडी माणसाचे दुःख वऱ्हाडीत मावते, ही गोष्ट आमच्यातल्या काहींना त्या दिवशी प्रथम कळली.

सर्वांत मोठे भांडण झाले ते डिकन्सवरून. ही कादंबरी १८५४ सालची. आमच्यातील इंग्रजी जाणणाऱ्या एका शिक्षकमित्राने ती प्रकरणाप्रकरणाने मराठीतून सांगितली. तीत कारखानदाराचे वाभाडे काढले आहेत म्हणून आम्ही खूश होतो. मग स्लॅकब्रिज नावाचा युनियनचा पुढारी आला : मोठ्या घशाचा, पोकळ शब्दांचा. आणि त्याच्या सांगण्यावरून कामगार आपल्यातल्याच स्टीफन नावाच्या सरळ माणसाला वाळीत टाकतात, कारण तो युनियनमध्ये यायला तयार नसतो. आमच्या खोलीत सगळे युनियनवाले! एकजण म्हणाले, "ही मालकांच्या बाजूची कादंबरी आहे, बंद करा." दुसरे म्हणाले, "असा पुढारी आपण कोणीच पाहिला नाही का?" दोघांचे म्हणणे ऐकून घेतले. शिक्षकमित्राने मग सांगितले, की त्याच वर्षी जानेवारीत डिकन्स प्रेस्टन गावी गेला होता. तिथे कापडगिरण्यांचा मोठा झगडा चालू होता, आणि तिथल्या कामगारांची शिस्त पाहून त्याने आपल्या साप्ताहिकात त्यांच्याविषयी आदराने लेख लिहिला. म्हणजे डोळ्यांनी पाहिला तो शिस्तीचा कामगार, आणि कादंबरीत घातला तो आरडाओरडा करणारा पुढारी. लेखकाने पाहिलेले सगळे त्याच्या गोष्टीत उतरतेच असे नाही, आणि उतरले नाही ते सांगणे हा वाचकाचा हक्क आहे. पुस्तक मात्र बंद केले नाही, शेवटपर्यंत ऐकले. विरोधी पक्षाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकण्याची सवय युनियनच्या सभेत क्वचितच लागते.

त्याच्या उलट झोला. १८८४ साली आन्झँच्या कोळसाखाणीत संप चालू असताना तो तिथे गेला, खाणीत उतरला, आणि पुढच्या वर्षी 'जर्मिनल' पुस्तकरूपाने आली. तीतला संप कशावरून पेटतो? खाणीच्या छताला लाकडी टेकू देण्याचे पैसे कंपनी वेगळे देऊ करते आणि तेवढ्यासाठी कोळशाच्या गाडीमागचा भाव उतरवते. कोळसाखाणीतून निवृत्त झालेले आमचे एक मित्र हे ऐकताच खुर्ची पुढे ओढून बसले. भाव कागदावर वाढलेला दिसतो आणि हातात पैसा कमी येतो, ही कारागिरी त्यांनी आम्हांला अर्धा तास समजावून दिली. ते आधी म्हणत असत की कादंबऱ्या रिकामटेकड्यांसाठी असतात. त्या दिवसापासून त्यांनी ते म्हणणे सोडले.

'गोदान' हिंदीतूनच वाचली. वाडीत उत्तर प्रदेश-बिहारची पुष्कळ मंडळी आहे, आणि एरवी आमच्या सभांना ती मागे उभी राहते. प्रेमचंदांच्या वेळी ती पुढे येऊन बसली, आणि आम्ही मराठी माणसे त्यांना शब्दांचे अर्थ विचारू लागलो. होरीला एक गाय हवी असते, एवढीच त्याची हौस. त्याचा मुलगा गोबर लखनौला जाऊन साखर कारखान्यात लागतो आणि तिथल्या संपात मार खातो. शेत सोडून वाडीत आलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही.

आता आमच्या बोलण्याचा जो मूळ मुद्दा आहे तो सांगतो. या वाचनाला भंडाऱ्याकडचा एक तरुण येत असे. एका गोदामात कंत्राटदाराकडे कामाला होता. चार रविवार आला, मग यायचा थांबला. कंत्राटदाराने त्याचा रविवार काढून घेतला होता आणि रोजची पाळी बारा तासांची केली होती. महिन्या-दीड महिन्याने तो ट्रकच्या रांगेत भेटला. पगाराची, पाळीची काही तक्रार सांगेल असे वाटले. त्याने विचारले, "काका, त्या होरीच्या गाईचं काय झालं मंग?"

आम्ही तिथेच उभ्या-उभ्या सांगितले : गाय आली, पण टिकली नाही, भावानेच तिला विष घातले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि पेट्या उचलायला गेला.

मंडळी, हे आपल्याला सांगितले ते आपण हळहळावे म्हणून नव्हे. कामगार वाचीत नाहीत, त्यांना मोबाइलच हवा, त्यांना उत्तम वाङ्मयाची गोडी नाही, असे नेहमी ऐकू येते. त्या मुलाला गोडी होती, वेळ नव्हता. बारा तास पेट्या उचललेल्या माणसाच्या हातात मोबाइल राहतो, कारण दोन मिनिटांत संपणारे तेवढेच त्याच्यापाशी उरते. दोनशे पानांना रविवार लागतो. १८९० साली मुंबईत तो मिळवला, १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुटी आणि तासांची मर्यादा घालून दिली, १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हे सर्व झाले, आणि तरी गोदामाच्या मागल्या दाराने तो रविवार हळूच परत नेला जात आहे. पगार बुडाला की मजुरीचा दावा लावता येतो. न वाचलेल्या पुस्तकाचा दावा कोणत्या कोर्टात लावायचा? म्हणून आमच्या मते वाचनाचा प्रश्न हा आधी तासांचा प्रश्न आहे आणि मग अभिरुचीचा.

कोणी म्हणेल, सुटी मिळाली तरी सगळे थोडेच वाचणार आहेत? नाही वाचणार. पुष्कळजण झोपतील, कोणी गावी जाईल, कोणी सिनेमा पाहील. तोही त्यांचा हक्कच आहे. शिकलेल्या माणसाला सुटी देताना ती पुस्तकात घालव अशी अट आपण घालत नाही. पण दहांतल्या एकाला होरीच्या गाईचे पुढे काय झाले हे कळून घ्यायचे असेल, तर त्याला ते कळले पाहिजे.

समोर दुकानदार आहेत, कारखानदार आहेत, वाचनालयांचे चिटणीस आहेत. दुकानदारांना आणि कारखानदारांना विनंती, की आपल्याकडे कंत्राटावर असणाऱ्या माणसाचा सुटीचा वार कोणता, हे उद्या एकदा विचारून पाहा. चिटणिसांना विनंती, की १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगाव वाचनालयांना जे अनुदान मिळू लागले, त्यातून एकाच कादंबरीच्या चार-पाच प्रती एका गटाला एका वेळी देण्याची सोय करा, आणि संध्याकाळी दिवा थोडा उशिरा मालवा.

आमची यादी अजून पुरी झालेली नाही. टॉल्स्टॉयचा तो जाडजूड ग्रंथ शिल्लक आहे, आणि त्यातील रशियन नावांचा एक तक्ता करून भिंतीवर लावावा, असा ठराव आमच्या बैठकीत एकमताने संमत झाला आहे. ज्याला यायचे असेल त्याने यावे; अक्षर येत नसले तरी चालेल.