स्त्रियांचा फुटबॉल आणि त्याचा जमाखर्च

स्त्रियांच्या फुटबॉलला प्रेक्षक लाभत नाहींत आणि म्हणून त्यावर कोणाचें पोट भरत नाहीं, असें विधान युरोप-अमेरिकेंतील क्रीडाविषयक चर्चेंत वारंवार ऐकूं येतें. ही गोष्ट खेळाच्या स्वभावांतच आहे, असें विधान करणारा बहुधा गृहीत धरतो. परंतु जुने हिशेब चाळले तर निराळेंच चित्र दिसतें.

पहिल्या महायुद्धांत इंग्लंडमधील प्रेस्टन येथें डिक, कर कंपनीच्या कारखान्यांत दारूगोळा तयार होऊं लागला, आणि पुरुष रणांगणावर गेल्यामुळें त्या कामावर मुली आल्या. मधल्या सुटींत त्या आवारांत चेंडू खेळत. पुढें त्यांचा संघ झाला. १९१७ च्या नाताळच्या दिवशीं जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठीं त्यांनीं सामना खेळला, तेव्हां सुमारें दहा हजार माणसें जमलीं. तीनच वर्षांनीं, २६ डिसेंबर १९२० रोजीं, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सेंट हेलेन्सच्या मुलींशीं त्यांची गांठ पडली. आंत ५३,००० प्रेक्षक होते आणि बाहेर कित्येक हजार जागेअभावीं ताटकळत उभे होते. त्या एका दिवशीं ३,११५ पौंड जमले व ते धर्मादाय कार्यास गेले. खेळाडूंच्या पदरीं काय पडे? सामन्यापाठीमागें दहा शिलिंग, तेही खर्चापोटीं. आणि सुटी संपली कीं पुन्हा कारखान्याचा भोंगा.

५ डिसेंबर १९२१ रोजीं इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननें ठराव केला कीं, हा खेळ स्त्रियांस योग्य नाहीं, सबब संलग्न क्लबांनीं आपलीं मैदानें त्यांना देऊं नयेत. ठरावाचा हा भाग सर्वांना ठाऊक असतो. परंतु त्यांत आणखी एक कलम होतें आणि तें अधिक लक्ष देण्याजोगें आहे. जमलेल्या पैशाचा अवाजवी भाग खर्चांत जातो आणि दानधर्मास पुरेसा पोंचत नाहीं, अशी ती तक्रार होती. म्हणजे पुरुषांनीं खेळून वेतन घेतलें तर तो व्यवसाय, आणि मुलींनीं प्रवासखर्च काढून घेतला तर ती उधळपट्टी!

ही बंदी सुमारें पन्नास वर्षें टिकली. पश्चिम जर्मनींत ती १९५५ ते १९७० आणि ब्राझीलमध्यें १९४१ ते १९७९ अशी होती. मैदानावर जाणें ही बव्हंशी घरची संवय असते. आजोबा ज्या कठड्याशीं उभे राहिले तेथेंच नातू उभा राहतो. पुरुषांच्या क्लबांचें खरें भांडवल हें आहे. तें जमण्याच्या ऐन काळांत स्त्रियांना मैदानाचें दार बंद होतें, हें रिकामीं बाकें मोजणाऱ्यानें विसरतां कामा नये.

अमेरिकेंत चूक उलट्या बाजूनें झाली. १० जुलै १९९९ रोजीं पॅसाडेना येथें जागतिक स्पर्धेचा अमेरिका-चीन अंतिम सामना पाहण्यास ९०,१८५ लोक आले. तो जनसागर पाहून भांडवलवाले हर्षभरित झाले आणि २००१ सालीं आठ संघांची धंदेवाईक लीग सुरू झाली. आषाढीला पंढरींत लोटलेली गर्दी पाहून बारमाही दुकानाचें भाडें ठरवावें, तशांतलाच हा प्रकार होता. पांच वर्षांसाठीं योजलेले ४ कोटी डॉलर वर्षभरांतच संपले. पहिल्या हंगामांत सामन्यास सरासरी आठ हजार प्रेक्षक येत, ते तिसऱ्यांत सात हजारांखालीं आले. आणि सप्टेंबर २००३ मध्यें, अमेरिकेंतच भरणारी जागतिक स्पर्धा अवघ्या कांहीं दिवसांवर असतां, लीगनें दुकान आवरलें. दुसरी लीग २००९ मध्यें निघाली व २०१२ मध्यें बुडाली. २०१३ मध्यें तिसरी निघाली ती मात्र हात राखून: राष्ट्रीय संघांतील खेळाडूंचें वेतन त्या त्या देशाच्या फुटबॉल-मंडळानें द्यावयाचें, इतरांना हंगामाचे कमींत कमी ६,००० डॉलर. इतक्यावर कोणाचा संसार चालणार? ज्यांना तें परवडलें नाहीं त्या खेळ सोडून गेल्या, आणि लीग तगली ती बऱ्याच अंशीं उरलेल्यांच्या सोसण्यावर. दहा वर्षांनीं, २०२३ च्या नोव्हेंबरांत, तिला दूरचित्रवाणीकडून चार वर्षांचे २४ कोटी डॉलर मिळण्याचा करार झाला. २०२४ मध्यें कॅन्सस सिटींत केवळ स्त्रियांच्या धंदेवाईक संघासाठीं बांधलेलें पहिलें क्रीडागार उघडलें. त्यांत ११,५०० आसनें आहेत. आंकडा लहान वाटेल. पण साठ हजारांच्या मैदानांत विखुरलेल्या आठ हजारांपेक्षां येथले आठ हजार अधिक उत्साह आणतात, आणि मैदान स्वतःचें असल्यामुळें भाडें व तारीख यांसाठीं कोणाच्या दारीं जावें लागत नाहीं.

इंग्लंडमधील मोठ्या दिवसांचे आंकडे दिपवणारे आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्यें आर्सेनलच्या मैदानावर ६०,१६० प्रेक्षक आले. परंतु वरच्या लीगची २०२३-२४ ची सरासरी सात हजारांच्या थोडी वर होती आणि पुढच्या हंगामांत ती सुमारें एक दशांशानें घटली. २०२५ पासून दूरचित्रवाणीच्या सोयीनें बहुतेक सामने रविवारीं दुपारीं बारा वाजतां होऊं लागले. परगांवच्या चाहत्याला त्यासाठीं पहाटे घर सोडावें लागतें. आणि ज्या शाळकरी मुलींनीं प्रेक्षागार भरावें, त्यांचे स्वतःचे सामने अनेक ठिकाणीं रविवारींच सकाळीं असतात.

द्वारावर जमणारी रक्कम लहान, कारण तिकीट स्वस्त ठेवावें लागतें. खर्च मात्र लहान नाहीं: वेतन, वैद्य, प्रवास, सरावाचें मैदान. मधली तूट पुरुषांचा क्लब भरतो, म्हणून त्याला पडसें झालें कीं स्त्रियांच्या संघाला ताप येतो. २०२४ मध्यें रेडिंगच्या क्लबची आर्थिक स्थिति बिघडली तेव्हां त्याचा स्त्रियांचा संघ दुसऱ्या पायरीवरून एकदम पांचव्या पायरीवर उतरविण्यांत आला.

प्रेस्टनपासून दहाएक मैलांवरील ब्लॅकबर्नचें वृत्त पुण्याच्या श्रोत्यांना अगदींच परकें वाटूं नये. त्या क्लबची मालकी २०१० पासून पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज या उद्योगसमूहाकडे आहे. कीरा वॉल्श, जॉर्जिया स्टॅनवे आणि एला टून या तिघी ऐन उमेदीच्या वयांत त्याच क्लबांतून खेळल्या. जुलै २०२२ मध्यें वेंब्लीवर ८७,१९२ प्रेक्षकांसमोर इंग्लंडनें युरोपचें अजिंक्यपद जिंकलें तेव्हां या तिघी संघांत होत्या आणि पहिला गोल टूनचा होता. दुसऱ्या पायरीवर राहण्यासाठीं पुढें सोयी, नोकरवर्ग व खेळाडूंची काळजी यांविषयीं अधिक कडक अटी आल्या. मे २०२५ मध्यें ब्लॅकबर्ननें त्या अटींचा परवाना घेण्याचें सोडून दिलें, आणि संघ खालच्या पायरीवर गेला.