भानगडी दुसऱ्या कारकिर्दीतच का उघडतात?



राज्यकर्ता पहिल्या खेपेला शहाणा असतो आणि पुन्हा निवडून आला की बिघडतो, असे आपण पारावर बोलतो. मला हे अर्धेच खरे वाटते. आपल्या जुन्नर-आंबेगावात कांदा उन्हाळ्यात चाळीत भरतात. आत काय सडले ते पावसाळ्यात चाळ फोडल्यावर कळते. राज्यकारभाराचेही तसेच आहे.

टू-जी परवान्यांचे वाटप जानेवारी २००८ मधले, मनमोहनसिंग सरकारच्या पहिल्या कारकिर्दीतले. २००९ साली ते सरकार पुन्हा निवडून आले आणि महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढे आला नोव्हेंबर २०१० मध्ये. अमेरिकेत वॉटरगेटची घरफोडी जून १९७२ ची. त्याच नोव्हेंबरात निक्सन पुन्हा निवडून आले. राजीनामा ऑगस्ट १९७४ चा. करणी आधीची, पंचनामा नंतरचा!

याचे एक कारण असे की, हिशेबतपासणी आणि न्यायालय यांची चाल सावकाश. दुसरे, पहिल्या खेपेला पुढची निवडणूक मिळून जिंकायची असते, म्हणून सोबती तोंड मिटून बसतात. दुसऱ्या खेपेला वारसदारीची चढाओढ सुरू होते. अमेरिकेत तर १९५१ च्या घटनादुरुस्तीने अध्यक्षाला तिसरी निवडणूकच नाही. मग जाणाऱ्याला झाकून कोणाला काय लाभ? तिसरे, यश मिळाले की हात सैल सुटतो.

पण हा काही सृष्टीचा नियम नव्हे. अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. सिमेंट प्रकरण १९८१ साली वृत्तपत्राने उजेडात आणले आणि जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यांना पद सोडावे लागले. विचारणारा जागा असला की दुसऱ्या कारकिर्दीची वाट पाहावी लागत नाही.

ओरड झाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असेही नाही. टू-जीचे १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली रद्द केले; पण २०१७ साली खास न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. उशीर झाला की कागद हरवतात, साक्षीदार विसरतात. चोर सुटतो, किंवा सज्जनाच्या कपाळी डाग राहतो.

कामगार संघटनेला कायद्याप्रमाणे दरसाल निबंधकाकडे हिशेब द्यावा लागतो. पावतीपुस्तके सांभाळता सांभाळता मी एवढेच शिकलो, की चांगला पदाधिकारी चांगला राहावा म्हणूनच त्याचा हिशेब वर्षाच्या वर्षाला तपासावा. ग्रामसभेत आणि साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारा. सरकारी कचेरीत दहा रुपयांचा माहितीचा अर्ज द्या. तीस दिवसांत उत्तर देणे तिला कायद्याने भाग आहे. या मंडपातील प्रत्येकाने वर्षाला असा एक अर्ज करावा, एवढे मागून मी आपली रजा घेतो.