शिंजीर आणि बांडगूळ



चिपळूणहून कराडकडे निघालं की कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पोफळी लागते. घाटमाथ्यावरच्या शिवसागर जलाशयाचं पाणी बोगद्यांतून इथे उतरतं, भूमिगत वीजगृहातली जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीला मिळतं. कोयनेच्या विजेसाठी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. इथल्या डोंगरउतारांवरच्या रानातलं एक छोटं वैभव मात्र फार थोड्यांनी पाहिलं असेल. ते म्हणजे छोटा शिंजीर हा पक्षी.

लांबी जेमतेम ८ सेंटिमीटर, चिमणीच्या साधारण निम्मी. नराचा माथा झळाळता हिरवा, गळा जांभळा, पाठ गडद किरमिजी, पोट पिवळं. मादी शेवाळी रंगाची, पण शेपटीच्या वर लाल पट्टा असल्यामुळे तीही ओळखू येते. कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा या पक्ष्याची शास्त्रात पहिली नोंद झाली. पश्चिम घाट आणि त्याच्या लगतचा मुलूख सोडला, तर जगात तो कुठेही आढळत नाही.

बारीक, बाकदार चोच फुलात खुपसून तो मध पितो. पिल्लांना मात्र कोळी आणि किडे भरवतो. कोळ्यांची जाळीही वाया जात नाहीत. गवताच्या काड्या त्यांनीच गुंफून मादी फांदीला थैलीसारखं घरटं टांगते. त्यात बहुधा दोन अंडी असतात.

शिंजिरांची सगळ्यात दाट मैत्री आहे ती बागायतदाराच्या वैऱ्याशी, बांडगुळाशी. डॉ. सालिम अली यांनी १९३१ मध्ये कोकणातल्या बांडगुळावर एक निबंध लिहिला. शिंजीर आणि फुलटोच्या या पक्ष्यांमुळे बांडगूळ कसं वाढतं आणि पसरतं, हा त्याचा विषय. बांडगुळाच्या नळीसारख्या फुलात चोच घालताना शिंजिराच्या कपाळाला पराग चिकटतो आणि पुढच्या फुलावर पोचतो. मग फळं धरतात. ती फुलटोच्या खातो आणि चिकट बिया फांद्यांवर सोडतो.

आंब्याच्या कलमावरचं बांडगूळ झाडाचा रस शोषतं, ते काढायलाच हवं. पण रानातल्या झाडांवरचं बांडगूळ हे या पक्ष्यांचं अन्न आहे. तेव्हा कोयता कलमांपुरताच चालवा, आणि शिंजिरांना फुलांतला मध देणारे बांधावरचे पांगारा, सावर तोडू नका.