मुलीच्या फीचा हिशेब

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील बचत गटांच्या आणि महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)

मला आज 'मुलींचं उच्च शिक्षण' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय फार मोठा आहे. मी दातांची डॉक्टर. गेली पंचवीसेक वर्षं चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. म्हणून मला जेवढं ठाऊक आहे तेवढंच बोलते. मुलीला दातांची डॉक्टर करायचं ठरलं तर कॉलेज कसं निवडायचं, पैसा किती लागतो, आणि 'स्पर्धा' म्हणतात ती कुणाची कुणाशी असते, एवढंच.

नीटचा निकाल लागला की माझ्या दवाखान्यात दाताचं दुखणं नसलेल्या बायकाही येतात. अशीच एक बाई मुलीला घेऊन आली. कुणबी समाजातली, दोन एकर धान, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. हातात वहीचं फाडलेलं पान. त्यावर दोन कॉलेजांची नावं आणि पुढे एकेक आकडा. मला म्हणाली, "डॉक्टरीणबाई, यातलं स्वस्त कोणतं ते सांगून द्या. तिचे बाबा म्हणतात, स्वस्तातलं असंल तर पाठवू, नाही तर बीएस्सी कर म्हणावं."

त्या पानावर प्रत्येक कॉलेजापुढे एकच ओळ होती. माझ्या मते तिथे दहा ओळी हव्या होत्या. त्या दहा ओळी कोणत्या, हे सांगण्याआधी थोडं माझ्याच घरातलं सांगते.

मी 1994 साली बारावी झाले. तेव्हा बारावीच्या गुणांवर प्रवेश होत. सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या निकालानंतर खाजगी कॉलेजांत 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट' असे दोन भाग पडले होते. मला पहिल्यांदा एका खाजगी कॉलेजात पेमेंट सीट मिळत होती. बाबा आणि मी एस.टी.ने गेलो. ऑफिसात एक आकडा सांगितला, तो बाबांनी कसाबसा जमवलेला होता. मग शेजारच्या खोलीत बोलावून दुसरा आकडा सांगितला, त्याची पावती मिळणार नव्हती. अशा देणग्या घ्यायला बंदी करणारा कायदा राज्यात 1987 सालीच झाला होता. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्या खोलीत बाबा बोलले असते असं मला वाटत नाही. आम्ही परत आलो. पुढच्या फेरीत मला सरकारी जागा मिळाली, म्हणून मी डॉक्टर झाले. त्या फेरीत माझ्या वरची एक मुलगी जागा सोडून गेली नसती, तर आज मी तुमच्यापुढे वेगळ्याच कामासाठी उभी असते.

माझी धाकटी बहीण माझ्याहून हुशार. दोन वर्षांनी तिची जागा थोड्या गुणांनी हुकली. तिने आणखी एक वर्ष मागितलं. घरात चर्चा झाली, आणि ती चर्चा एकाच संध्याकाळी संपली. आमच्या भावाला इंजिनियरिंगसाठी नागपुरात खोली करून दुसरं वर्ष दिलं होतं. बहिणीला दिलं नाही. फाल्गुनात तिचं लग्न झालं. लग्नात जो खर्च झाला, त्यात पेमेंट सीटची दोन वर्षांची फी भागली असती. हे मी तिला विचारूनच सांगते आहे. ती म्हणाली, "सांग, पण बाबांना वाईट ठरवू नको." बाबा वाईट नव्हते. त्यांच्या डोक्यात दोन वह्या होत्या. मुलाच्या शिक्षणाचा पैसा एका वहीत 'पेरला' म्हणून मांडला जायचा. मुलीच्या शिक्षणाचा पैसा दुसऱ्या वहीत, तिच्या लग्नाच्या पैशातून वजा व्हायचा. कॉलेज निवडायला बसतो तेव्हा ही दुसरी वही आधी बंद करा, असं मला म्हणायचं आहे.

आता खर्चाच्या ओळी.

पहिली ओळ फीची. सरकारी कॉलेजाची वर्षाची फी हजारांत असते, खाजगीची लाखांत. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत दातांचं कॉलेज नाही. चंद्रपूरला 2015 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, गडचिरोलीच्या मेडिकल कॉलेजचं उद्घाटन 2024 मध्ये झालं, पण दातांसाठी अजूनही नागपूरच गाठावं लागतं. तिथलं सरकारी दंत महाविद्यालय 1968 सालचं. बाकी नागपूरजवळ हिंगण्याकडे, वर्ध्याजवळ सावंगीला आणि अमरावतीला खाजगी संस्थांची कॉलेजं आहेत.

दुसरी ओळ सवलतीची. आपल्या बायकांचं नुकसान सगळ्यात जास्त इथे होतं. जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आधी ती निम्मी माफ होती. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींना शिष्यवृत्ती आहेच. पण नीट लक्ष द्या. माफी मिळते ती सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून गेलं तर. मॅनेजमेंटच्या कोट्यातून गेलं की माफी नाही. अभिमत विद्यापीठाच्या कॉलेजात गेलं तरी नाही. आणि माफी फक्त शिक्षण व परीक्षा फीची, खोली-जेवणाची नाही.

तिसरी ओळ राहण्याची. मुलाला चार जणांत मिळून खोली चालते. मुलीला वसतिगृह लागतं, ते कॉलेजपासून किती दूर, रात्री फाटक किती वाजता बंद, हे विचारावं लागतं. आदिवासी मुलींसाठी सरकारी वसतिगृह आहे. तिथे जागा मिळाली नाही तर स्वयम् योजनेतून पैसे मिळतात. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, ओबीसींसाठी आधार योजना आहे. अर्ज वेळेवर करावा लागतो.

चौथी ओळ कुणीच सांगत नाही, ती हत्यारांची. दातांच्या शिक्षणात विद्यार्थ्यालाच पुष्कळ सामान विकत घ्यावं लागतं. मेण कोरायच्या सुऱ्या, खोट्या दातांचा जबडा, साचे, पुढे दात कोरायचं यंत्र. पहिल्या वर्षी यादी हातात आली तेव्हा मी रडले होते. मग वरच्या वर्गातल्या एका मुलीने तिचं जुनं सामान मला अर्ध्या किमतीत दिलं. आता मीही माझ्याकडे आलेल्या मुलींना जुनं सामान जमवून देते.

पाचवी ओळ वर्षांची. बीडीएस चार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप. एखादा विषय राहिला तर आणखी सहा महिने. हिशेब पहिल्या वर्षाचा करू नका, पाच-सहा वर्षांचा करा. इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन देतात का आणि खरंच हातात पडतं का, हे तिथे शिकणाऱ्या मुलींनाच विचारा, ऑफिसात नाही.

सहावी ओळ पैशाची नाही, पण तिची किंमत पैशाहून मोठी आहे. कॉलेजच्या दवाखान्यात रोज किती पेशंट येतात? दात काढायला, भरायला हात बसतो तो पेशंटवर. सुंदर इमारत आणि रिकाम्या खुर्च्या असतील तर पोरगी पदवी घेऊन येईल, पण तिचा हात तयार होणार नाही. सकाळी दहा वाजता ओपीडीत जाऊन अर्धा तास बसा. सगळं दिसतं.

सातवी ओळ मान्यतेची. निकालानंतर दलालांचे फोन सुरू होतात. "परराज्यात सीट आहे, आज पैसे भरा." कॉलेजला आणि त्या वर्षाच्या जागांना मान्यता आहे का, हे पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. बीडीएसच्या जागा शेवटच्या फेऱ्यांपर्यंत रिकाम्या राहतात. घाई दलालाला असते, आपल्याला नसावी.

आठवी ओळ कर्जाची. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत हमी योजना आहे, त्यापुढे बँक तारण मागते. तारण म्हणजे जमीन, आणि सातबाऱ्यावर नाव बहुतेक बापाचं किंवा आज्याचं. वनहक्काच्या पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव असतं, ही 2006 च्या कायद्यातली फार चांगली गोष्ट. पण तो पट्टा वारसाने मिळतो, विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. म्हणून बँकेला तो तारण म्हणून चालत नाही.

नववी ओळ कागदांची. जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर राखीव जागा हातातून जाते. अनुसूचित जमातींची तपासणी समिती गडचिरोलीत आहे. पुरावा मागतात तो 1950 च्या आधीचा, आणि तो बापाच्या बाजूचा. आता नवऱ्याने टाकलेल्या बाईने सासरच्या आज्याचा दाखला आणायचा कुठून? अशा दोन बायका आज या शिबिरात आहेत. हे काम अकरावीतच सुरू करायला हवं, आणि त्या बाईबरोबर संघटनेने जायला हवं.

दहावी ओळ पुढची. पदवीनंतर दवाखाना टाकायचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, निर्जंतुकीकरणाचं यंत्र मिळून काही लाख लागतात. शहरात दातांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत. नागपुरात पदवीधर मुली दुसऱ्याच्या दवाखान्यात थोड्या पगारावर राबतात. इकडे गावात बसणारं कुणी नाही, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दातांच्या डॉक्टरचं पदच नसतं. आपल्याकडे खर्ऱ्याने तोंड न उघडणारे तिशीतले पेशंट मी रोज बघते. त्यात बायकाही असतात. दातांना तंबाखू लावणाऱ्या म्हाताऱ्या असतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आहे. तिथल्या मुलींच्या दातांवर लहानपणीच तपकिरी डाग पडतात आणि दात बघून स्थळं परत जातात. गावात काम पुष्कळ आहे, पण पैसा हळूहळू मिळतो. हे मुलीला आधीच खरं सांगा.

आता स्पर्धेबद्दल. 2020 पर्यंत मेडिकल-डेंटलच्या राज्याच्या जागांत 70 टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना असत. ती पद्धत रद्द झाली. आता सिरोंच्याच्या मुलीची स्पर्धा पुण्या-लातूरच्या मुलांशी आहे. सिरोंच्याहून गडचिरोलीच दोनशे किलोमीटर. परीक्षा मराठीतून देता येते, सरकारी कॉलेजांत मुलींसाठी 30 टक्के जागा आहेत. पण नीट असते मेच्या पहिल्या आठवड्यात, आणि तेंदूचा हंगामही तेव्हाच. पहाटे जंगलात जायचं, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर न्यायचे. त्या पंधरा दिवसांच्या पैशावर घराचं वर्ष निघतं. आई एकटी जाऊ शकत नाही, मग मुलगीच जाते. भाऊ अभ्यास करतो. एकाच घरात राहून दोघं एकच परीक्षा देतात, असं म्हणता येत नाही.

आणि मुलाला दुसरा-तिसरा प्रयत्न मिळतो, मुलीला एकच. माझ्या बहिणीची गोष्ट तीस वर्षं जुनी आहे. पण मागच्या वर्षीही माझ्या ओळखीच्या तीन घरांत तेच झालं. मुलीचे गुण कमी पडले, असं आपण म्हणतो. तिला वर्षच कमी दिलं, हे कुणी म्हणत नाही.

मग आपण काय करू शकतो? मला तीन गोष्टी सुचतात. एक, ज्या घरात मुलगी नीटला बसते त्या घरच्या पुड्यांचं काम गटाने त्या आठवड्यापुरतं वाटून घ्यावं. आपण बाळंतिणीसाठी करतोच की. दोन, प्रत्येक गावात दहा ओळींची एक वही ठेवावी, आणि शिकत असलेल्या मुलींनी दरवर्षी त्यात खरे आकडे भरावेत. तीन, मुलगी नापास झाली किंवा जागा हुकली की त्या घरी जाऊन बसावं. निर्णय एका संध्याकाळी होतो, म्हणून त्या संध्याकाळी आपल्यापैकी कुणीतरी तिथे असावं.

त्या पानावरच्या दोन कॉलेजांचं काय झालं, ते राहिलं. मी आणि त्या मायलेकींनी मिळून दहा ओळी भरल्या. ज्याचा आकडा कमी होता ते दलालाने सांगितलेलं, मॅनेजमेंटच्या कोट्यातलं, आणि तो आकडा फक्त पहिल्या हप्त्याचा निघाला. ज्याचा आकडा मोठा दिसत होता तिथे फेरीतून गेलं तर शिक्षण फी माफ होती. पोरीने फेऱ्यांची वाट पाहिली. तिसऱ्या फेरीत नाव लागलं. परवा ती माझ्याकडे आली होती. जुनं सामान न्यायला.

तिच्या वडिलांनी मात्र मला विचारलं, "बाई, पाच वर्षांनी हिचं लग्न कोण करंल?" मी त्यांना म्हटलं, "भाऊ, ती दुसरी वही आहे. ती आज उघडू नका."