सैल तारा, जुळलेला सूर
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं धर्मगुरूनें देवळाच्या भिंतींविषयीं व घंटेविषयीं बोलावें, अशी रीत आहे. आज आम्ही तारांविषयीं बोलणार आहों. गेल्या मे महिन्यांत आपल्या गायकवृंदांतील 14 मुलांमुलींस घेऊन आम्ही माथेरानास संगीतशिबिरास गेलों. पन्नाशी उलटलेला धर्मगुरू गिटार घेऊन मुलांच्या रांगेंत कां बसला, असें पुष्कळांनीं विचारलें. त्याचें उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे.

माथेरानांत दस्तुरी नाक्यापलीकडे खासगी मोटारींस मज्जाव आहे. त्यामुळें वाद्यें खांद्यावर घेऊन तांबड्या मातीची वाट तुडवावी लागली. परंतु तेथील शांतता अशी, कीं हलक्या हातानें छेडलेली तार झाडाखालच्या शेवटच्या मुलासही ऐकूं येते. आम्ही जीं वाद्यें शिकलों, त्यांस तीच जागा योग्य.

पहिलें वाद्य युकुलेली. चार तारांचें, कडेवरच्या लेंकराएवढें. तें हवाई बेटांचें म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याचा पूर्वज पोर्तुगालच्या मदैरा बेटावरचा. 1879 च्या ऑगस्टांत रॅव्हन्सक्रॅग नांवाचें जहाज चारशेंहून अधिक मदैरावासी घेऊन होनोलुलूस लागलें. उंसाच्या मळ्यांत राबावयास आलेले हे आपल्याच धर्माचे गरीब लोक. त्यांत नुनेश, दियश व इश्पिरितु सांतु हे तीन लांकूडकाम करणारे कारागीर होते. त्यांच्या हातून तेथें हें वाद्य घडलें आणि कालाकाउआ राजानें त्यास आश्रय दिला. वसईपासून चौलपर्यंत पोर्तुगीजांच्या खुणा पाहणाऱ्या आपणांस ही कथा परकी वाटूं नये.

दुसरें वाद्य गिटारच, पण निराळ्या रीतीनें लावलेली. आपल्याकडे 'हवाईयन गिटार' म्हटलें कीं मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरविण्याची रीत आठवते. व्हॅन शिप्ले यांनीं ती मुंबईच्या चित्रपटसंगीतांत गाजविली. ही रीत ती नव्हे. हिला हवाई भाषेंत 'की होआलू', म्हणजे सैल केलेली खुंटी, म्हणतात. गिटारीच्या सहा तारांपैकीं पहिली, पांचवी व सहावी अशा तीन तारा प्रत्येकीं एकेक पूर्ण स्वर उतरवावयाच्या. मग डाव्या हाताचें एकही बोट न लावतां सहाही तारा एकदम छेडल्या, तरी सुरेल मेळ उमटतो. अंगठा खालच्या सुरांवर ठेका धरतो आणि बोटें वर गाणें वाजवितात. उतरविण्याच्या पद्धती अनेक आहेत. आम्ही शिकलों ती सर्वांत प्रचलित.

सेमिनरींत आम्ही पेटी शिकलों होतों व तारा ताणाव्यात, एवढेंच आम्हांस ठाऊक होतें. पहिली खुंटी सैल करतांना आमचा हात कचरला. परंतु सैल करणें म्हणजे सोडून देणें नव्हे, हें लवकरच कळलें. किती उतरावें याचें माप असतें, आणि तें कानानेंच धरावें लागतें. आमच्या शेजारीं बसलेल्या बारा वर्षांच्या मुलीनें तें आमच्या आधीं धरलें व आम्हांस शिकविलें.

आतां ज्यासाठीं बोलावयास उभे राहिलों, तें सांगतों. हवाईंत गिटार पोहोंचली ती 1830 च्या दशकांत, गुरें वळावयास आलेल्या मेक्सिकन राउतांबरोबर. पुढें घराघरांनीं आपापल्या तारा लावण्याच्या रीती शोधल्या व त्या गुपित म्हणून जपल्या. परका माणूस आला तर वडील मंडळी तारा बिघडवून ठेवीत, असें सांगतात. अशानें म्हाताऱ्यांबरोबर सूरही मातींत जाऊं लागले. 1940 च्या दशकांत गॅबी पाहिनुई यांचें वादन ध्वनिमुद्रिकांवर आलें. 1973 सालीं कीओला बीमर यांनीं शिकण्याचें पुस्तक छापलें. घरांचीं दारें हळूहळू उघडलीं आणि विद्या वांचली.

हें ऐकतांना आम्हांस आपल्याच धर्मग्रामांतील एका आजीबाईंची आठवण झाली. लग्नांतल्या उंबराच्या पाण्याचीं गाणीं त्यांच्याइतकीं कोणास येत नव्हतीं. "फादर, एकदां लिहून घ्या," असें त्यांनीं आम्हांस दोनदां म्हटलें. पहिल्या वेळीं चाळिसाव्यांतील काम होतें, दुसऱ्या वेळीं पावसाळा होता. तिसऱ्या वेळीं आम्ही त्यांच्या घरीं गेलों तो अंत्यविधीचीं प्रार्थना म्हणावयास. त्यांनीं कांहीं लपविलें नव्हतें. आम्हींच हात पुढें केला नाहीं. तो दोष आमचा आहे, आणि तो आपणांसमोर कबूल करितों.

म्हणून या महोत्सवाचें आमचें मागणें पैशाचें नाहीं. दर रविवारीं मिस्सेनंतर एक तास देवळाच्या ओसरीवर शिबिराचीं मुलें युकुलेली व गिटार घेऊन बसतील, आम्हीही बसूं. ज्यांच्या घरीं घुमट असेल त्यांनीं घुमट आणावा, ज्यांस गाणें येत असेल त्यांनीं गाणें आणावें. अर्धेंच आठवत असेल तर अर्धेंच आणा. उरलेलें कदाचित् शेजारच्या घरीं असेल. आवाज थरथरतो म्हणून लाजूं नका; आमचीं बोटेंही थरथरतात.

देवळाच्या भिंती आपल्या पूर्वजांनीं उभ्या केल्या. त्या भिंतींत घुमणारा सूर पुढच्या पिढीच्या हातीं देणें, एवढें काम आपलें आहे. परमेश्वर तें आपल्या हातून करून घेवो.