औषध एक, प्रकृती अनेक



‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण आपण माणसांच्या स्वभावाविषयी वापरतो. परंतु औषधोपचारातही तिचा प्रत्यय येतो. ॲस्पिरिनची स्वस्त व सर्वपरिचित गोळी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. १८९९ पासून वेदनाशामक म्हणून विकल्या जाणाऱ्या या औषधाची क्रिया जॉन वेन यांनी १९७१ मध्ये उलगडून दाखविली.

रक्तातील बिंबिका, म्हणजेच प्लेटलेट्स, एकमेकींना चिकटल्या की गुठळी होते. ॲस्पिरिन बिंबिकेतील एक विकर कायमचे निकामी करते. बिंबिकेला केंद्रक नसल्यामुळे ते विकर तिला पुन्हा निर्माण करता येत नाही. म्हणूनच रोज ७५ ते १०० मिलिग्रॅमची अल्प मात्रा बहुतेकांना पुरते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच ॲस्पिरिन दिल्यास मृत्यूचे प्रमाण घटते, हे १९८८ मध्ये सतरा हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत सिद्ध झाले.

मग काहींना गुण कमी का येतो? पहिले कारण अगदी साधे आहे: गोळी नियमित घेतलीच जात नाही. मधुमेहात नव्या बिंबिका लवकर तयार होतात व चोवीस तास उलटण्यापूर्वीच परिणाम ओसरू लागतो. आतड्यात विरघळणारे आवरण असलेली गोळी काहींच्या शरीरात पुरेशी शोषली जात नाही. ॲस्पिरिनपूर्वी घेतलेले आयबुप्रोफेन तिच्या कार्यात आड येते. शरीराच्या वजनानेही फरक पडू शकतो.

दुसरीकडे, हेच औषध कोणाच्या जठरात रक्तस्राव घडविते, तर कोणाचा दमा बळावते. ज्यांना हृदयविकार झालेला नाही, अशांच्या बाबतीत रक्तस्रावाचा धोका लाभाला झाकोळून टाकतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांतून दिसले. तापलेल्या मुलांना व डेंग्यूचा संशय असलेल्यांना तर ही गोळी देऊच नये.

तेव्हा शेजाऱ्याला मानवली म्हणून कोणी ती स्वतः सुरू करू नये. आणि डॉक्टरांनी दिलेली असल्यास, बरे वाटते म्हणून परस्पर बंदही करू नये. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेल्या रुग्णाच्या बाबतीत असा खंड जिवावर बेतू शकतो. शौचास काळे होऊ लागल्यास तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. घेत असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत. शिक्षकांनी शाळेत व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढे जरी समजावून दिले, तरी अनेक घरांवरील संकट टळेल.