शिक्का मारला, विषय सुरू झाला
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला ‘निवृत्तीनंतरचा माझा छंद’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. बँकेत ३६ वर्षं काढलेल्या माणसाला दहा मिनिटं म्हणजे दहाच मिनिटं हे पक्कं ठाऊक असतं. तेव्हा घड्याळ समोर ठेवूनच बोलतो.

माझा छंद शिक्के मारण्याचा. हसू नका! नोकरीतही मी तेच केलं. ‘पेड’, ‘ट्रान्स्फर’, ‘कॅश रिसीव्हड्’, शाखेचा गोल शिक्का आणि तारखेचा शिक्का. सकाळी खुर्चीवर बसलं की पहिलं काम, तारीख फिरवणं. अंगठ्याला कायम जांभळी शाई. जेवायला बसलो की आमच्या सौ. म्हणायच्या, “अहो, आधी तो हात नीट धुऊन या.” निवृत्त झालो, हात स्वच्छ झाला आणि रिकामाही झाला. रिकामा हात वाईट. मग तो रिमोटकडे जातो, नाहीतर वॉचमनला शिस्त लावायला जातो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये नातीची शाळा घरातच भरायची. एक दिवस चित्रकलेच्या बाईंनी भेंडीचे ठसे काढायला सांगितले. तिच्याकडे रंग नव्हते, माझ्याकडे जुनं स्टॅम्प पॅड होतं. भेंडी आडवी कापली, पॅडवर टेकवली आणि मी सवयीने कागदावर धाडकन मारली. नात म्हणाली, “आजोबा, एवढं जोरात नाही! फूल फुटलं बघा.” सगळी हयात शिक्के मारण्यात गेलेल्या माणसाला आठ वर्षांच्या पोरीने शिक्का मारायला शिकवला.

तिथून नाद लागला. भेंडीनंतर बटाटा, बटाट्यानंतर खोडरबर. खोडरबरावर ब्लेडने कोरता येतं, पण मुलांनी हे मोठ्यांना बरोबर घेऊनच करावं. पहिल्यांदा मी मोठ्या हौसेने ‘शुभेच्छा’ कोरलं. छापलं तर सगळी अक्षरं उलटी. आरशातच वाचता येईल अशी! मग युक्ती सापडली. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने सरळ लिहायचं, कागद पालथा करून खोडरबरावर ठेवायचा आणि मागून नखाने घासायचं. अक्षर उलटं उमटतं, तसंच कोरायचं, म्हणजे छापताना सुलटं येतं.

शाईचंही शास्त्र आहे. बँकेच्या पॅडची शाई पॅडमध्ये वाळू नये अशीच बनवलेली असते. व्हाउचरच्या खरबरीत कागदात ती मुरते, पण गुळगुळीत कागदावर तासाभरानेही बोटाला लागते. कार्डासाठी दोन प्रकारच्या शाई मिळतात. एक डाय शाई. ती कागदात शिरते, लगेच वाळते, पण उन्हात फिकी पडते. दुसरी पिगमेंट शाई. ती कागदावर बसते, सावकाश वाळते, पण टिकते. ती ओली असतानाच वर एम्बॉसिंग पावडर भुरभुरवायची, जास्तीची झटकायची आणि गरम हवेच्या गनने तापवायची. पावडर वितळते आणि अक्षर फुगून वर येतं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी सौ.ना पोळ्या सोडून बोलावलं होतं.

कार्ड करणं अगदी सोपं. २५० जीएसएमचा ए-फोर कागद मधोमध कापायचा. घडीच्या जागी पट्टी ठेवून शाई संपलेल्या रिफिलने रेघ ओढायची, म्हणजे घडी फाटत नाही. अर्ध्या कागदाचं वजन आठ ग्रॅमच्या आत. पाकिटासकट टपालाच्या २० ग्रॅममध्ये बसतं. हिशेबाची सवय जात नाही हो!

आता खरी गोष्ट सांगतो. ज्यांच्याबद्दल आहे त्यांची परवानगी घेतली आहे.

आमच्या बाथरूमच्या छताला गळती. वरच्या मजल्यावरचे साहेब म्हणायचे, पाइप सोसायटीचा. कमिटी म्हणायची, फरशी त्यांची. चार वर्षं पत्रव्यवहार झाला. प्रत्येक पत्राची प्रत कमिटीला, आणि माझ्याकडच्या प्रतीवर मी न चुकता तारखेचा शिक्का मारायचो. जिन्यात बोलणं बंद झालं. लिफ्टमध्ये दोघंही मजल्याच्या आकड्यांकडे बघत उभे. एका दिवाळीला मी त्यांच्यासाठी कार्ड केलं. पणती कोरली, सोनेरी पावडर लावली, आत दोन ओळी लिहिल्या. आणि कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. मनात आलं, आधी मीच का? दुसरी दिवाळी गेली. कार्ड ड्रॉवरमध्येच.

पुढच्या मे महिन्यात रात्री दोन वाजता आवारात ॲम्ब्युलन्स आली. गॅलरीतून बघितलं तर साहेबांना खुर्चीत बसवून खाली आणत होते. मला झोप लागली नाही. त्या ड्रॉवरकडे बघायचीही हिंमत होईना. बँकेत दावा न केलेल्या ठेवी मी पुष्कळ बघितल्या, पण ही माझी स्वतःची होती.

बारा दिवसांनी ते घरी आले. दुसऱ्याच सकाळी मी कार्ड घेऊन वर गेलो. त्यांनी उघडलं, चष्मा लावला, ‘शुभ दीपावली’ वाचलं आणि म्हणाले, “दिवाळीला अजून पाच-सहा महिने आहेत.” मी म्हटलं, “हे मागच्याच्या मागच्या दिवाळीचं आहे.” तर म्हणतात, “मग व्याज धरलंत का?” वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा आम्ही दोघं हसत होतो आणि दोघांचेही डोळे पुसायचे राहिले होते.

गळती पूर्ण थांबलेली नाही. पण आता प्लंबर आला की आम्ही दोघं एकत्र उभे राहून छताकडे बघतो.

बँकेत शिक्का मारला की विषय संपायचा. कार्डावर शिक्का मारला की विषय सुरू होतो. पण ते कार्ड ड्रॉवरमधून बाहेर निघायला हवं, एवढंच माझं सांगणं.

शेवटी एक विनंती. सोसायटीचं एक स्क्रॅपबुक करायचं आहे. प्रत्येक घराचं एक पान. जे सुरुवातीचे सभासद आज आपल्यात नाहीत, त्यांचं पान घरच्यांबरोबर बसून आपण करू. जुन्या चिकट अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतील. दात साफ करायचा धागा फोटोखालून हळूहळू सरकवा. मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावं आणि साल लिहा, नाहीतर सुवर्णमहोत्सवाला “हे कोण?” असं विचारायची वेळ येईल. आणि कागद ॲसिड-फ्री घ्यायचा, वर्तमानपत्रासारखा पिवळा पडणारा नको.

दर शनिवारी चार ते सहा, सोसायटीच्या ऑफिसात. भेंड्या आपापल्या आणाव्यात, शाई माझ्याकडून.